रोवणीच्या दिवसांतली गोळी

जुलै-ऑगस्टमध्ये कुही तालुक्यातली सकाळ फार लवकर सुरू होते. बांधीत चिखल तयार असतो, परे उपटून जुड्या बांधलेल्या असतात आणि पावसाने मध्येच दगा द्यायच्या आत धानाची रोवणी उरकायची असते. रोवणीला जाणारी बाई पहाटे चारला उठते, घरच्यांचा स्वयंपाक करते, स्वतःचा डबा बांधते आणि बाहेर ऑटोचा भोंगा वाजला की उभ्या उभ्या अर्धा कप चहा घशाखाली ढकलून निघते. निघताना कोनाड्यातल्या डब्यातली शुगरची गोळी मात्र आठवणीने घेते. दवाखान्यात बजावून सांगितलेलं असतं, गोळी चुकवायची नाही. तिने ती चुकवलेली नसते.

अकराच्या सुमाराला, कंबरेत वाकून रोप खोचताना तिला दरदरून घाम फुटतो. वारं गार असतं, अंगावरचं लुगडं पावसाने ओलं असतं, तरी घाम. मग हात थरथरतात, रोप मातीत धड बसत नाही. शेजारची काही विचारते तर ही भलतंच उत्तर देते, उगाच चिडते आणि धुऱ्यावर जाऊन बसते. कुणी म्हणतं चक्कर आली, कुणी म्हणतं बीपी वाढला, कुणी म्हणतं बाहेरचं काही लागलं. त्यातली एखादी जाणती बाई नेमकं विचारते.

"सकायी गोळी घेतली होती का वो?"

"घेतली ना."

"अन् खाल्लं काही?"

"खायाले टाइम कुठं होता?"

नाव कुणाचंही घाला, गाव मांढळ घाला, वेलतूर घाला. तिने डॉक्टरचं अर्धं ऐकलं आणि उरलेलं अर्धं तिला कुणी नीट सांगितलंच नाही, एवढंच घडलेलं असतं. हे प्रकरण त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल आहे.

नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवरचा हा तालुका. पूर्वेला वैनगंगा, अंभोऱ्याचा पाच नद्यांचा संगम, दक्षिणेला भिवापूरची मिरची. इथे धान आहे, सोयाबीन आहे, तूर आहे आणि मिरचीच्या सातऱ्यावर दिवसभर बसून मिरचीचे मुके तोडणाऱ्या बाया आहेत. मधुमेह हा शहरातल्या खात्यापित्या घरचा रोग, अशी एक समजूत अजूनही गावात ऐकू येते. ती समजूत आता टाकून द्यायला हवी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा पहिला टप्पा २०११ मध्ये आला, त्यात महाराष्ट्र होता. राज्यात २० वर्षांवरच्या दर १०० माणसांमागे आठाहून अधिक मधुमेही निघाले आणि निव्वळ ग्रामीण भागातही हा आकडा सहाच्या वर होता. पुढे २०२३ मध्ये त्याच पाहणीचा देशभराचा हिशेब आला तेव्हा भारतातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेलेली होती.

आणि हा रुग्ण लठ्ठ असतो असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची मोजमापं घेतली. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती वजनाने बरीच हलकी होती, पण अंगातल्या चरबीचं प्रमाण त्या मानाने कमी नव्हतं. वरून सडपातळ आणि आतून चरबीचा वाटा जास्त, अशी आपली ठेवण जन्मापासूनच असते. म्हणून उन्हातान्हात राबणाऱ्या हडकुळ्या माणसालाही साखर लागते आणि त्याच्या घरच्यांना ते खरं वाटत नाही.

अशा माणसाला दवाखान्यातून बहुधा दोन औषधं मिळतात. एक मेटफॉर्मिन. दुसरं ग्लिमेपिराइड किंवा त्याच्या कुळातलं एखादं. पुष्कळदा ही दोन्ही एकाच गोळीत घातलेली असतात. त्या पाकिटावर कंपनीच्या नावापुढे १ किंवा २ असा बारीक आकडा असतो. लोकांना वाटतं तो गोळीचा नंबर आहे. बहुतेक वेळा तो ग्लिमेपिराइडच्या मिलिग्रॅमचा असतो. घरातल्या म्हाताऱ्यांची पाकिटं हातात घेऊन तो आकडा आणि त्याखालची बारीक छपाई वाचायची सवय आपण लावून घेतली पाहिजे, कारण मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकाच डब्यात राहत असली तरी त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. नुसतं मेटफॉर्मिन उपाशीपोटी घेतलं तर पोट बिघडेल, मळमळेल, पण साखर सहसा धोक्याच्या खाली जाणार नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते सल्फोनिलयुरिया या कुळातलं आहे आणि या कुळाचा शोधच मुळी साखर धोकादायक खाली गेल्यामुळे लागला.

गोष्ट १९४२ सालची, दक्षिण फ्रान्समधल्या मॉन्पेलिए शहरातली. महायुद्ध चालू होतं, फ्रान्स जर्मनीच्या टाचेखाली होता, लोकांना पोटभर खायला मिळत नव्हतं. त्यातच टायफॉइड. तेव्हा जंतुसंसर्गावर सल्फा औषधांचा जमाना होता. १९३५ मध्ये जर्मनीच्या गेऱ्हार्ट डोमाकने पहिलं सल्फा औषध जगापुढे ठेवलं होतं आणि आपल्याकडेही मुंबईच्या हाफकिन संस्थेत सल्फा औषधांनी प्लेग बरा होतो का याचे प्रयोग त्याच काळात झाले. मॉन्पेलिएच्या रुग्णालयात मार्सेल जानबाँ हे डॉक्टर टायफॉइडच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देऊन पाहत होते. कारखान्याने त्याला नाव दिलं नव्हतं, २२५४ आरपी एवढा क्रमांकच होता. औषध दिल्यावर काही रुग्णांना घाम फुटू लागला, ते बरळू लागले, झटके आले. काही दगावले. टायफॉइडमध्ये माणूस बरळतोच, त्यामुळे हे सगळं तापाच्या खात्यावर टाकून मोकळं होणं सोपं होतं. जानबाँनी तसं केलं नाही. त्यांनी रक्तातली साखर तपासली. ती फार खाली गेलेली होती.

मला या गोष्टीतला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. अर्धपोटी माणसं, औषधाची गोळी, घाम, बरळणं आणि ते दुसऱ्याच कशाचं तरी लक्षण समजण्याची दाट शक्यता. ८० वर्षांपूर्वीच्या मॉन्पेलिएतलं ते दृश्य आणि रोवणीच्या बांधीतलं दृश्य यांत औषधाच्या दृष्टीने काहीच फरक नाही.

जानबाँनी ही हकिगत त्याच शहरातल्या ऑग्युस्त लुबातिएर या शरीरशास्त्रज्ञाला सांगितली. लुबातिएरने जून १९४२ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. औषध दिलं की कुत्र्याच्या रक्तातली साखर उतरे. मग त्याने स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याला तेच औषध दिलं. साखर जागची हलली नाही. स्वादुपिंडाचा थोडासा भाग शिल्लक ठेवला तर मात्र औषध लागू पडे. अर्थ उघड होता. औषध स्वतः साखरेला हात लावत नाही, ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं. जिथे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत तिथे या औषधाचा काही उपयोग नाही. म्हणूनच लहानपणी होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, जिथे या पेशी नष्ट झालेल्या असतात, ही गोळी चालत नाही आणि इन्सुलिनची सुईच लागते.

लुबातिएरचा प्रबंध १९४६ मध्ये पुरा झाला, पण युद्धानंतरच्या धामधुमीत जगाने त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. पुढे १९५० च्या दशकात बर्लिनमध्ये जवळजवळ हीच गोष्ट पुन्हा घडली. हान्स फ्रांके आणि योआखिम फुक्स हे डॉक्टर कार्ब्युटामाइड नावाचं नवं सल्फा औषध संसर्गावर वापरून पाहत होते. रुग्णांना तेच झालं, घाम आणि थरथर. फुक्सने ते औषध स्वतः घेऊन पाहिलं आणि त्यालाही तोच अनुभव आला. १९५५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि मधुमेहावरची तोंडाने घ्यायची गोळी खऱ्या अर्थाने जन्माला आली. तोवर, म्हणजे १९२२ मध्ये टोरोंटोत एका मुलाला इन्सुलिनची पहिली सुई टोचली गेली तेव्हापासून, मधुमेहाला सुईवाचून दुसरं भरवशाचं औषध नव्हतं. उकळून घ्यायची काचेची सिरिंज, दगडावर धार लावायची सुई आणि इन्सुलिन टिकवायला लागणारा गारवा, हे सगळं ज्याच्या आवाक्यात नव्हतं त्याच्यासाठी ही गोळी केवढा मोठा दिलासा होती, हे आज चटकन लक्षात येत नाही.

कार्ब्युटामाइडने रक्त तयार करणाऱ्या मज्जेला अपाय होतो असं दिसल्यावर ते मागे पडलं. त्याची जागा टोलब्युटामाइडने घेतली, मग क्लोरप्रोपामाइड आलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ग्लिबेनक्लामाइड आलं, ते आधीच्यांपेक्षा कितीतरी पट जोरकस होतं. टोलब्युटामाइड ग्रॅमच्या हिशेबाने द्यावं लागे, ग्लिबेनक्लामाइडच्या पाच मिलिग्रॅममध्ये काम होई. आपल्याकडे जुन्या मधुमेहींच्या घरात डाओनिल हे नाव ऐकू येतं, ते हेच. पुढे ग्लिपिझाइड, ग्लिक्लाझाइड आणि १९९० च्या दशकात ग्लिमेपिराइड.

आता ही गोळी आत नेमकं काय करते ते पाहू, कारण सगळ्या सूचना त्यातूनच निघतात. कुहीच्या माणसाला हे समजावून सांगायला गोसीखुर्दचं धरण उत्तम. १९८८ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि त्याच्या पाण्याने या तालुक्यातली गावं उठवली. त्या धरणाला ३३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात पाणी किती चढलं ते मोजायचं आणि त्या हिशेबाने किती दरवाजे किती उघडायचे ते ठरवायचं, असं तिथलं काम चालतं. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी तेच काम करतात. आपण भात खाल्ला, भाकर खाल्ली, की रक्तातली साखर चढते. ती साखर बीटा पेशीत शिरते, तिथे जळते आणि त्यातून ऊर्जा तयार होते. ही ऊर्जा वाढली की पेशीच्या पडद्यातल्या पोटॅशियमच्या वाटा बंद होतात. त्या बंद झाल्या की पेशीवरचा विजेचा भार बदलतो, कॅल्शियम आत येतं आणि आत पुड्या बांधून ठेवलेलं इन्सुलिन बाहेर पडतं. साखर जास्त तर इन्सुलिन जास्त, साखर उतरली की इन्सुलिन आवरतं. पातळी पाहून दरवाजा उघडणारी ही यंत्रणा आहे.

सल्फोनिलयुरियाची गोळी त्या पोटॅशियमच्या वाटेला जाऊन चिकटते आणि तिला थेट बंद करते. मधल्या सगळ्या पायऱ्या ती गाळून टाकते. साखर चढली आहे का, ती पेशीत शिरली का, यातलं काही न विचारता ती दरवाजा उघडायला लावते. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर हे पाणी सुटणं उपकारकच. पण पाणी तळाला असताना दरवाजे उघडे राहिले तर काय होईल, हे वैनगंगेकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

गोळी घेतली आणि ताट वाढलं, तर इन्सुलिनला करायला काम आहे. गोळी घेतली आणि ताट आलंच नाही, तर इन्सुलिन रक्तातली उरलीसुरली साखर खेचत राहतं. वरून बांधीत कित्येक तास वाकून कष्ट. काम करणारा स्नायूही साखर ओढतो. अशा वेळी अकरा वाजता घाम फुटणं अगदी ठरलेलं आहे.

म्हणून या गोळीबद्दलची पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की ती घड्याळाला बांधायची नाही, जेवणाला बांधायची. ताट समोर येणार याची खात्री असेल तेव्हाच ती घ्यायची, पहिल्या भरपेट जेवणाच्या जरासं आधी किंवा पहिल्या घासाबरोबर. रोवणीच्या दिवसांत पहिलं खरं जेवण धुऱ्यावर दहाला होत असेल, तर गोळी डब्यात घालून न्यावी आणि दहाला घ्यावी. हे आपल्या डॉक्टरांना सांगून ठरवता येतं. जेवण चुकलं तर त्या वेळची ग्लिमेपिराइडची गोळीही चुकवावी आणि दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नये. 'गोळी चुकवायची नाही' हे वाक्य अर्धं आहे. पूर्ण वाक्य असं, की जेवणही चुकवायचं नाही आणि जेवण चुकलंच तर ही गोळी घ्यायची नाही.

उपास हा याचाच पुढचा भाग. श्रावणी सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, महाशिवरात्रीची अंभोऱ्याची यात्रा, आणि गावातल्या मुसलमान घरांतले रोजे. श्रद्धेचा भाग डॉक्टरने हसण्यावारी नेऊ नये आणि रुग्णाने तो लपवू नये. उपास धरणार असाल तर चार दिवस आधी दवाखान्यात सांगा. गोळीचा डोस कमी करता येतो, वेळ बदलता येते, काही वेळा तेवढ्यापुरती गोळी बंद करता येते. रोज्याच्या महिन्यात दिवसातून एकदाची गोळी पहाटेऐवजी संध्याकाळी रोजा सोडताना घ्यायला सांगतात, ते याच कारणाने. अख्ख्या दिवस-रात्रीचा निर्जळी उपास आणि ही गोळी मात्र एकत्र नांदत नाहीत, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

या गोळीवर आजवर जेवढा वाद झाला तेवढा क्वचितच एखाद्या औषधावर झाला असेल. अमेरिकेत १९६१ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष १९७० मध्ये आला. टोलब्युटामाइड घेणाऱ्यांत हृदयविकाराने मरणारे जास्त, असं त्यात दिसलं. डॉक्टरांत तट पडले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि १९८४ पासून अमेरिकेत या कुळातल्या गोळ्यांच्या पाकिटावर तसा इशारा छापणं सुरू झालं. दुसऱ्या बाजूला ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये नव्याने मधुमेह झालेल्या रुग्णांची चाचणी सुरू झाली. तिचा निकाल १९९८ मध्ये आला. सल्फोनिलयुरिया किंवा इन्सुलिन देऊन साखर नीट आटोक्यात ठेवली, तर डोळा, मूत्रपिंड यांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जागी होणारा बिघाड २५ टक्क्यांनी कमी झाला. हृदयाला अपाय झाल्याचं तिथे दिसलं नाही. २०१९ मध्ये आणखी एका चाचणीने ग्लिमेपिराइड आणि लिनाग्लिप्टिन हे नवं औषध समोरासमोर ठेवलं. ६,००० हून अधिक रुग्ण, सहा वर्षांहून जास्त काळ. हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे येणारे मृत्यू दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, १२ टक्क्यांच्या आसपास. साखर कमी होण्याच्या घटना मात्र लिनाग्लिप्टिन घेणाऱ्यांत १०.६ टक्के जणांना आणि ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांत ३७.७ टक्के जणांना.

माझ्या मते या दोन आकड्यांत ग्लिमेपिराइडचं सगळं चरित्र आलं. हृदयाचा जुना आरोप त्याच्यावर टिकला नाही. साखर खाली नेण्याचा आरोप मात्र पुरेपूर खरा आहे. आणि त्या चाचणीतल्या माणसांकडे साखर मोजायची यंत्रं होती, ठरल्या वेळी तपासणारे डॉक्टर होते. बांधीत उभ्या बाईजवळ यातलं काही नसतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती फार सुंदर आहे. काही बाळांना जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो. वर्षानुवर्षं त्यांना इन्सुलिनवर ठेवत. २००४ मध्ये कळलं, की यांतल्या पुष्कळ बाळांत त्या पोटॅशियमच्या वाटेच्या जनुकातच बिघाड असतो. वाट बंदच होत नाही, म्हणून पेशीत इन्सुलिन भरलेलं असूनही ते बाहेर पडत नाही. मग सल्फोनिलयुरिया देऊन पाहिलं. जी वाट गोळी बंद करते तीच उघडी अडकली होती, ती बंद झाली आणि बहुतेक मुलांची सुई सुटली. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह निघाला तर जनुकांची तपासणी करून घ्यायलाच हवी, ती या शोधामुळे.

मोठ्यांच्या नेहमीच्या मधुमेहात मात्र ही गोळी कायमची साथ देईलच असं नाही. ब्रिटनच्या त्याच चाचणीत दिसलं, की रोगाचं निदान होतं तोवर बीटा पेशींचं काम जवळजवळ निम्म्यावर आलेलं असतं आणि पुढे ते दरवर्षी घसरत जातं. पाच-सात वर्षं उत्तम चाललेली गोळी हळूहळू लागू पडेनाशी होते. रुग्णाला वाटतं कंपनीने माल बिघडवला, डॉक्टर बदलला पाहिजे. खरं म्हणजे दरवाजा उघडतो, मागे पाणीच कमी उरलेलं असतं. अशा वेळी सुई सुचवली तर ती शेवटची पायरी समजून घाबरू नये.

गोळी कुणाला जपून द्यायची, हेही तिच्या स्वभावातूनच कळतं. ग्लिबेनक्लामाइड शरीरात मोडलं तरी त्याचे तुकडे काम करत राहतात आणि ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. म्हाताऱ्या माणसाचं मूत्रपिंड मंदावलेलं असलं की ते साठत जातं. जागतिक आरोग्य संघटनेने साठीच्या पुढच्यांसाठी ग्लिबेनक्लामाइड योग्य नाही असं म्हटलं आहे. ग्लिक्लाझाइडचे तुकडे निष्क्रिय असतात, म्हणून म्हातारपणी ते त्यातल्या त्यात बरं. घरात ७० वर्षांचे आजोबा अजून जुन्या चिठ्ठीवर ग्लिबेनक्लामाइड घेत असतील, तर ती चिठ्ठी घेऊन एकदा डॉक्टरांकडे जाणं हे मुला-सुनेचं काम आहे. मुलं नागपूरला नोकरीला आणि म्हातारा-म्हातारी गावात, अशी घरं आता गावोगाव आहेत. रात्री साखर उतरली तर तिथे उठवायला कुणी नसतं.

दारूचंही असंच. उपाशी असताना यकृत साखर तयार करून रक्तात सोडत असतं, तेवढाच आधार असतो. दारू तो आधार काढून घेते. मोहफुलाची असो की सरकारमान्य दुकानातली, संध्याकाळी रिकाम्या पोटी दारू आणि आत ही गोळी, असं झालं तर माणूस बेशुद्ध पडतो आणि लोक म्हणतात, 'जास्त झाली त्याला, पडू द्या.' त्या पडू देण्यात जीव जाऊ शकतो.

काही औषधांनीही गोळीचा जोर वाढतो. लघवीच्या संसर्गावर दिलं जाणारं कोट्रायमोक्साझोल हे सल्फाच्याच घराण्यातलं, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल, काही अँटिबायोटिक्स. म्हणून साध्या ताप-खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तरी शुगरच्या गोळीचं पाकीट खिशात असू द्या.

विदर्भात बिजाच्या लाकडाचा पेला घरोघरी दिसतो. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी लालसर झालेलं प्यायचं. बिजावर आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्वतः अभ्यास केला आहे, त्याला नाक मुरडायचं कारण नाही. पण पेल्याच्या भरवशावर गोळी परस्पर सोडणं किंवा दोन्ही घेऊन डॉक्टरला न सांगणं चुकीचं. त्याहून घातक प्रकार म्हणजे बाजारात पुडीतून विकली जाणारी निनावी 'जडीबुटी'. २००८ मध्ये सिंगापूरमध्ये मर्दानी ताकदीच्या नावाखाली विकल्या गेलेल्या गोळ्या खाऊन १५० माणसं साखर उतरून रुग्णालयात दाखल झाली, चौघं दगावली. त्या गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड मिसळलेलं निघालं. ज्या पुडीने आठ दिवसांत साखर झपाट्याने उतरते, त्या पुडीत काय आहे हे विचारायलाच हवं.

मग ही गोळी बंदच का करत नाहीत? कारण ती स्वस्त आहे, प्रभावी आहे आणि तिच्यावर ७० वर्षांचा अनुभव जमा आहे. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लिमेपिराइड आहे. सरकारी दवाखान्यात गरिबाच्या हातात पडणारी गोळी तीच. साखर धोक्याच्या खाली सहसा न नेणारी नवी औषधंही आता आवाक्यात येऊ लागली आहेत. त्याच २०२२ च्या यादीत टेनेलिग्लिप्टिन आलं, डॅपाग्लिफ्लोझिन आणि सिटाग्लिप्टिन यांचे एकाधिकार संपल्यावर भारतात त्यांच्या किमती उतरल्या. एकटं राहणारे म्हातारे, मूत्रपिंड मंदावलेले, जेवणाचा नेम नसलेले ट्रकचालक आणि रोजमजूर, यांच्यासाठी ही औषधं परवडतात का, सरकारी दवाखान्यात मिळतात का, हे आपण विचारलं पाहिजे आणि मिळत नसतील तर मागितली पाहिजेत. बिनठिकाण्याच्या जेवणाला सल्फोनिलयुरिया जोडून देणं आणि वर रुग्णालाच दोष देणं, हा न्याय नाही. ज्याचं जेवण वेळेवर होतं त्याला मात्र ही गोळी आजही चांगली सोबत आहे, हेही तितकंच खरं.

गावात आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात, साखर तपासायला पाठवतात. निदानाचं काम त्यामुळे पुष्कळ पुढे गेलं. त्याच भेटीत दोन मिनिटं साखर उतरण्याबद्दल बोलणं झालं, तर रोवणीच्या बांधीतला तो प्रसंग टळेल. सांगायचं थोडंच आहे. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, छातीत धडधड, कडकडून भूक, डोळ्यांपुढे अंधारी. आणखी उतरली की चिडचिड, बरळणं, झटका, बेशुद्धी. मधुमेही माणसाचं वागणं अचानक बदललं तर आधी साखर उतरली असं धरून चाला. मोजायचं यंत्र नसेल तर त्याच्यासाठी थांबू नका.

माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून द्या. बिस्किट आणि पेढा यांपेक्षा साखरेचं पाणी किंवा ग्लुकोज लवकर चढतं. १५ मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच द्या. बरं वाटल्यावर लगेच भात-वरण, पोळी असं काहीतरी पोटात जाऊ द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र साखर, पाणी काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. आणि एक गोष्ट, जी डॉक्टर सोडून फारसं कुणाला माहीत नसते: या गोळीने उतरलेली साखर एकदा वर आली म्हणजे धोका टळला असं नाही. गोळीचा अंमल अंगात असेपर्यंत ती पुन्हा उतरते, ग्लिबेनक्लामाइड असेल तर दोन-दोन, तीन-तीन दिवस. सलाइन लावल्यावर माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला त्याच संध्याकाळी घरी नेण्याचा आग्रह धरू नका. एक रात्र तरी दवाखान्यात नजरेखाली राहू द्या.

उद्या रोवणीला निघताना डब्यात गोळीबरोबर साखरेची एक पुडी बांधा, आणि सोबतच्या दोघींना सांगून ठेवा ती कशासाठी आहे.